भिकननानांच्या ब्रेडच्या पिशव्या

भिकननानांकडे चहा प्यायचा असेल तर आधी ब्रेडवर बोटं टेकवावी लागतात.

"चहा ठेवेल शे, सर. तवलोंग हात लावा," असं म्हणून ते ब्रेडचा तुकडा पुढे करतात. मग चौकशी. हात कशाने धुतले? किती वेळ? पुसले कशाला? एवढं झालं की तो तुकडा बंद पिशवीत जातो आणि पिशवी चिमट्याने गॅलरीतल्या दोरीवर लटकते. वर चिठ्ठी असते. माझी होती, 'सर, घर नं. ९, नुसतं पाणी.' आठवडाभरात माझ्या नावाखाली हिरवीकाळी बुरशी दिसायला लागली. गॅलरी रस्त्यावर आहे आणि माझे विद्यार्थी त्याच रस्त्याने क्लासला जातात. मी धुळ्यातल्या एका शाळेत मराठी शिकवतो आणि स्वच्छतेवर निबंध लिहायला दरवर्षी मीच सांगतो.

नाना कॉलेजच्या प्रयोगशाळेत अटेंडंट होते. जन्मभर दुसऱ्यांच्या परीक्षानळ्या धुतल्या, त्यामुळे धुण्याच्या बाबतीत ते कोणाचं ऐकत नाहीत. त्यांचा एकच प्रश्न असतो, "पुरावा काय शे?" मेथी ताजी आहे म्हटलं की भाजीवालीला पुरावा मागतात. आमच्या भाच्याच्या लग्नपत्रिकेत वर-वधूला 'सुस्वभावी' म्हटलं होतं, तिथेही त्यांनी बोट ठेवलं. माझी बायको म्हणते, नानांना नमस्कार करायचा तर दोन साक्षीदार घेऊन जावं.

पण ब्रेडचं खूळ उगीच आलेलं नव्हतं. नानांची थोरली बहीण, गुंफाअक्का, दोंडाईच्याहून त्यांच्याकडे राहायला आली होती. तिच्या दोन्ही किडन्या थकल्या होत्या. डॉक्टरांनी पोटात नळी बसवून दिली आणि घरीच डायलिसिस सुरू झालं. औषधी पाण्याची पिशवी जोडायची, पाणी पोटात सोडायचं, काही तासांनी काढायचं, पुन्हा नवं भरायचं. दिवसातून चार वेळा, आणि करणारे एकटे नाना. नळी जोडताना हाताची घाण आत गेली तर पोटात जंतू होतात आणि जिवावर बेततं. हॉस्पिटलच्या सिस्टरने शिकवलं होतं, आधी साबण, मग अल्कोहोलचं सॅनिटायझर.

साबण अक्काला चालायचा. सॅनिटायझरची बाटली उघडली की ती भिंतीकडे तोंड करायची. "तो वासवाला हात माले लावू नको," एवढंच म्हणायची आणि पोटावरचा पदर घट्ट धरून ठेवायची. नानांनी समजावलं, रागावले, एकदा रुसून जेवलेही नाहीत. अक्का हलली नाही.

तेव्हा मेडिकलवाल्या पारसभाऊंनी अल्कोहोल नसलेलं सॅनिटायझर पुढे केलं. "मी दुकानात हेच वापरतो, नाना. इथे दिवा-उदबत्ती चालू असते, हे पेट घेत नाही. चिरलेल्या बोटाला झोंबत नाही. वास गुलाबाचा."

"पुरावा काय शे?" नाना म्हणाले, आणि ब्रेडचे पुडे आणायला लागले.

सगळी कॉलनी कामाला लागली. कोणाचे हात साबणाचे, कोणाचे राखेचे, कोणाचे तुरटीच्या पाण्याचे. कुलकर्णीकाकू कडुलिंबाच्या बाजूने ठाम उभ्या होत्या. टेबल पुसायला ब्लीचचं पातळ पाणी ठरलं, त्यावर वाद झाला नाही. आम्ही रोज सकाळी गॅलरीखाली मान वर करून कोणावर बुरशी आली ते बघायचो. खरं सांगतो, मलाही नाद लागला होता. साबण पहिला आला. गुलाबवालं त्याच्या खालोखाल. कडुलिंबाला केस फुटले, त्यानंतर काकू दोन दिवस नानांशी बोलल्या नाहीत.

मग साबण आणि वर गुलाब, असं नानांनी नक्की केलं. अक्काला तो वास आवडला. घरात शांतता झाली.

पोटातून निघालेल्या पाण्याची पिशवी नाना वर्तमानपत्रावर धरून बघायचे. पाण्यातून अक्षरं स्वच्छ वाचता आली की सगळं ठीक. एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. "सर, तुमची नजर चांगली शे. वाचा बरं." मी पिशवीतून बघितलं. मथळा कसाबसा लागला, खालची बातमी लागेना. नानांनी चष्मा पुसला, पिशवी दुसऱ्या पानावर ठेवली. तिथेही तेच.

तासाभरात आम्ही हॉस्पिटलमध्ये होतो. पोटात जंतू झाले होते.

सिस्टरने नानांना सगळं विचारलं. पाण्याचा प्रश्न आला तेव्हा ते अडखळले. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. नाना एका तांब्यात दोन्ही हात धुवायचे, बोटांवर साबणाचा बुळबुळीतपणा राहायचा, त्यावरच गुलाब.

"अहो, साबण राहिला तर त्या गुलाबवाल्याचा जोर मरतो," सिस्टर म्हणाली. "आणि तुमच्या ब्रेडवर येते ती बुरशी. पोटातल्या जंतूंची परीक्षा ब्रेडवर होत नाही." जंतू त्यामुळेच आत गेले असं ती म्हणाली नाही. पण नानांनी ते तसंच ऐकलं.

बाहेरच्या बाकावर बराच वेळ ते स्वतःचे हात बघत बसले. मग म्हणाले, "सर, अक्कासाठे पोऱ्या देखाले मीच गयथू दोंडाईचाले. त्यासनी माले बासुंदी खवाडी. मी घर ईसन सांगं, पोऱ्या सोना शे. तो रोज संध्याकाळले दारू पिसन ये. तोच वासवाला हात उठे तिनावर. तीस वरीस. माले एक शब्दबी बोलनी नही ती."

या माणसाच्या पिशव्यांना मी इतके दिवस हसत होतो, याची लाज वाटली.

औषधांनी अक्का सावरली आणि घरी आली. त्या दुपारी मी आमच्या टाकीतल्या दोन बादल्या पाणी नानांकडे नेलं. नानांनी साबण लावला, मी मगाने पाणी घातलं, त्यांनी चार वेळा हात खळखळून धुतले आणि कोरडे केले. सगळ्यांच्या तोंडाला मास्क होते. सिस्टरने पुन्हा अल्कोहोलचंच लावायला सांगितलं होतं; ती बाटली मी धरली आणि नाना खोलीच्या दारात उभे राहिले.

"अक्का," ते म्हणाले, "दुसरं काही भेटनं नही. तेच लावनं पडी. तू नही म्हनशी तर मी जबरदस्ती नही करस."

अक्का भिंतीकडे वळली नाही. तिने माझ्याकडे हात पुढे केला. "मना हातवर टाका, सर."

मी दोन थेंब टाकले. तिने तळवे चोळले, मास्कपर्यंत नेले, डोळे मिटून वास घेतला. तिचा चेहरा आक्रसला. मला वाटलं, झालं, आता पदर घट्ट धरणार.

"वास तोच शे रे," ती म्हणाली. "पन हात तुना शे. ये."

मी नानांच्या हातांवर सॅनिटायझर ओतलं. नखं, बोटांच्या फटी, मनगटं, सगळीकडे ते मन लावून चोळत राहिले. हात सुकले. पण ते पुढे होईनात. दोन्ही हात हवेत धरून तसेच उभे, आणि डोळ्यांतलं पाणी मास्कमध्ये उतरत होतं.

अक्काने पोटावरचा पदर बाजूला केला.

"डोया पुसू नको आते," ती म्हणाली, "परत हात धवना पडतीन."