तळ्याकाठची गर्दी

चालायच्या ट्रॅकवर माणसं कशी आणायची, हे मला विचारा! आमच्या गावच्या तळ्याकाठी पालिकेनं फरशी घातली, दिवे लावले, सायकलींना वेगळी पट्टी आखली. तरी फिरायला येणार कोण? शेळ्या! ते चित्र मी एकट्यानं बदललं.

मार्चमध्ये माझी बायको, चंदनबाला, गेली. आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवण उरकतो. त्यानंतरचं घर अंगावर येतं. म्हणून जेवलो की मी तळ्यावर जायला लागलो. टेकायला जागा नव्हती, म्हणून घरचं बाकडं करंजाखाली नेऊन ठेवलं. आणि काय सांगू! आठवड्यात वर्दळ सुरू!

शेजारचा बाळगोंडा सायकल घेऊन आला. माझ्या चालीनं सायकल चालवताना दोनदा गटारात गेला, तरी यायचा थांबेना. माजी हवालदार आकाराम माझ्या मागं, गस्तीवर असल्यासारखा. भाजीवाली हरणाबाई पाटीसकट पुढं! पालिकेच्या साहेबांना मी ऐकवलंसुद्धा, "माणसाला बसायला बाकडं द्या, माणूस आपोआप येतो!"

एके दिवशी वाऱ्यानं माझी टोपी तळ्यात गेली. मी कठड्यावरून वाकलो.

"धरा!" आकारामनं मागून माझ्या कमरेला मिठीच मारली. बाळगोंडानं सायकल सोडली, ती हरणाबाईच्या पाटीवर! टोमॅटो ट्रॅकभर! त्यावरून घसरून आम्ही तिघं एकमेकांवर आडवे.

"आण्णा, असं करू नगासा!" बाळगोंडा रडायच्या बेतात.

"अरं, टोपी काढत होतो!"

"टोपी?" हरणाबाई कडाडली. "आवं, आमाला वाटलं, वैनींच्या मागं निघालाय! म्हणून तर रोज येतोय. माझं गुडघं काय फिरायजोगं हायती व्हय?"

"मग बाकडं?"

"त्येच्यावर बसलंय कोण कवा? बसायचं का तुमच्यावर नजर ठेवायची?"

असलं काही करणार नाही, अशी मी देवाची शपथ घेतली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी ट्रॅकवर मी एकटा. तिसऱ्या दिवशीही.

काल कठड्याखाली बायका धुणं धूत होत्या. त्यांना दिसेल असा कठड्याला टेकलो, पाण्याकडं बघितलं आणि ऐकू जाईल असा लांब उसासा टाकला.

आज तिघंही हजर! हरणाबाई तर गुडघ्याला पट्टा बांधून!

उसासा मुद्दाम टाकला, कबूल. पण खोटा नव्हता हो.