अर्ध्यावर अडकलेला झेंडा

“काल एकटा कप्तान होता. आज अकरा! अकरा बोटींनी झेंडे अर्ध्यावर आणलेत तुझ्यासाठी!” केबिनच्या गोल खिडकीला नाक चिकटवून हेडक्लार्क दबक्या आवाजात ओरडत होते.

“बारावी आपली,” बाहेर कांदा चिरत बसलेली बायको म्हणाली. “आपला तर आठ दिवस अर्ध्यावर आहे.”

“आपल्या झेंड्याचा विषय काढू नकोस! ते प्रकरण विचाराधीन आहे. या अकरा जणांचं काय ते सांग.”

“बाहेर या आणि त्यांनाच विचारा.”

“मी विचारू? त्या दाढा उपटणाऱ्याला? त्यापेक्षा आजच्या आज ही बोट विकून टाकतो!”

“विका. मी बहिणीकडे राहायला जाते. तिच्या घराच्या खिडक्या चौकोनी आहेत आणि त्यांना कुणी नाक लावून बसत नाही.”

हे ती शांतपणे म्हणाली, म्हणून हेडक्लार्कांनी खिडकीवरचं नाक काढलं. चौतीस वर्षांत ती आरडाओरडा करून काहीबाही बोलली असेल, पण शांतपणे बोललेलं तिने करून दाखवलं नाही असं कधी झालं नव्हतं.

हेडक्लार्क निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, तरी धक्क्यावर सगळे त्यांना हेडक्लार्कच म्हणत. बायकोच्या हट्टापायी त्यांनी ही जुनी मोटरबोट घेतली. केबिन एवढीशी, की आत दोघं बसली तर एकाने आत श्वास घ्यावा आणि दुसऱ्याने तेवढ्यात बाहेर सोडावा. रोज सकाळी दोघं यायची. ती बाहेर बसून भाजी चिरायची, पाणी बघायची. ते पेपर वाचायचे. दृष्ट लागावी असं चाललं होतं. (पण नवऱ्याच्या जातीला सुख दिलं, की ती भिंग घेऊन त्यातली खोट शोधायला बसते.)

खोट शेजारच्या बोटीवर सापडली. तिथे कप्तान होता. त्याला कप्तान कुणी नेमलेलं नव्हतं. होता दातांचा डॉक्टर, तोही निवृत्त. पण एक पांढरी टोपी घेतली आणि माणूस बदलला. सकाळी आठच्या ठोक्याला शिट्टी, बोटीच्या मागच्या टोकाला देशाचा झेंडा वर. सूर्य बुडाला की झेंडा खाली, नीट घडी, घडी पेटीत. कड जरा उसवली की नवा झेंडा. त्यात कप्तानाची बायको जाऊन पाच वर्षं झालेली, आणि दात सगळे स्वतःचे.

“बघा, माणसाला कशी शिस्त असते,” बायको एकदा सहज म्हणाली.

झालं! त्याच दुपारी हेडक्लार्क झेंडा घेऊन आले. कप्तानापेक्षा दुप्पट मोठा.

“अहो, हा लावला तर बोट याच्या खाली झाकून जाईल,” बायको म्हणाली. “बोटीच्या लांबीप्रमाणे झेंडा घ्यायचा असतो. बंदराच्या कचेरीबाहेर पाटीवर सगळे नियम लिहिलेत, वाचून तरी या.”

“नियम? मला? अगं, तीस वर्षं लोक माझ्या टेबलासमोर नियम ऐकायला रांग लावून उभे असायचे!” (उभे असायचे हे खरं. ऐकायला, हे त्यांचं मत.)

झेंडा बदलून आणला. पाटी मात्र वाचली नाही. मग दोरीचा प्रश्न आला. “कप्तानांकडे जास्तीची असेल, मागून आणा,” असं बायको म्हणाली, आणि एवढं पुरे झालं. हेडक्लार्कांनी निवृत्तीच्या दिवशी कचेरीतून आणलेलं फायली बांधायच्या फितींचं बंडल काढलं. एक फीत पुरेना, म्हणून दोन जोडल्या. आणि जोडताना गाठ मारली ती फायलीची. ही गाठ एकदा बसली की तीन तीन साहेबांनाही सुटायची नाही.

झेंडा डौलात निघाला. अर्ध्यावर पोचला आणि गाठ कप्पीत जाऊन बसली. वर ओढला तर वर जाईना, खाली ओढला तर खाली येईना.

“कप्तानांना हाक मारू?”

“खबरदार!”

“अहो, देशाचा झेंडा आहे तो, वाळत घातलेला टॉवेल नव्हे. असा ठेवू नये.”

“मी बघतो काय ते,” हेडक्लार्क म्हणाले. कचेरीत हे वाक्य ऐकलेले लोक अजून वाट बघताहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेडक्लार्क केबिनमध्ये चष्मा शोधत होते. कप्तानाची बोट जवळून गेली. खिडकीतून पाहतात तो काय! कप्तानाने आपला झेंडा हळूहळू अर्ध्यावर आणला, टोपी काढून छातीशी धरली, आणि यांच्या बायकोकडे बघून मान झुकवली. बायकोनेही मान झुकवली आणि रुमालाने डोळे पुसले! (कांदा चिरताना डोळ्यांना पाणी येतं हे तिच्या नवऱ्याला ठाऊक नव्हतं, कारण त्याने जन्मात कांदा चिरला नव्हता.)

त्या दिवसापासून हेडक्लार्कांनी बाहेर बसणं सोडलं. पहाटे कुणी यायच्या आत केबिनमध्ये शिरायचं, अंधार पडल्यावर निघायचं, आणि दिवसभर गोल खिडकीतून पहारा. वहीत नोंदी: ‘सकाळी नऊ पाच, झेंडा खाली. अवधी एक मिनिट. टोपी छातीशी, डाव्या बाजूला.’ तिसऱ्या दिवशी पांढरी फुलं आली. पाचव्या दिवशी सूपचं भांडं आलं. (ते हेडक्लार्कांनीच प्यायलं. त्यात मीठ कमी होतं, याचीही नोंद आहे.) सातव्या दिवशी कप्तान कठड्याशी उभा राहून पुष्कळ वेळ हळू आवाजात बोलला. लाटांच्या आवाजात शेवटचं तेवढं ऐकू आलं, “वहिनी, स्वतःला एकटं समजू नका. मी आहे.”

आणि आज आठव्या दिवशी अकरा बोटी.

“आला! तो बघ आला!” हेडक्लार्क खिडकीतून दबक्या आवाजात किंचाळले. कप्तान हातात एक कागद घेऊन धक्क्यावरून येत होता. मागे बाकीच्या बोटींवरची माणसं, सगळी गंभीर. “आता तर पत्रच आणलंय! चारचौघांत वाचणार! आता तू मला अडवू नकोस!”

“मी अडवतेय कुठे? आठ दिवस बाहेर या म्हणूनच सांगतेय.”

केबिनचं दार धाडकन उघडलं. आठ दिवसांची वाढलेली दाढी, पांढरा लेंगा आणि वर केलेली मूठ असे हेडक्लार्क बाहेर झेपावले. “लाज नाही वाटत?”

कप्तानाच्या हातून टोपी सुटून पाण्यात पडली. मागच्या दोघांनी एकमेकांना घट्ट धरलं. कप्तानाचे ते सगळे स्वतःचे दात कडकड वाजायला लागले.

“तुम्ही… तुम्ही तर गेलात ना?”

“कुठे गेलो? मी इथेच आहे! आठ दिवस बघतोय मी तुमची थेरं!”

“पण झेंडा!” कप्तानाने बोट वर केलं. “झेंडा अर्ध्यावर म्हणजे बोटीवर कुणीतरी गेलं! पाटीवर सहावाच नियम आहे. वहिनी तर समोर दिसत होत्या, तुम्ही दिसेनात, वहिनी रडत होत्या… मी विचारलंसुद्धा, जाताना त्यांना फार त्रास झाला का. त्या म्हणाल्या, ‘त्यांना नाही, मला झाला.’”

हेडक्लार्कांची मूठ सावकाश उघडली. अकरा बोटींवरचे अकरा झेंडे त्यांनी एकेक करून पाहिले आणि शेवटी आपला पाहिला.

कप्तान मात्र खरा सज्जन. त्याने खिशातून चाकू काढला, फीत कापली, आपली दोरी ओवली आणि झेंडा टोकापर्यंत चढवला. मग शिट्टी फुंकली आणि एकामागून एक अकरा झेंडे वर गेले. माणसं हसत हसत पांगली. शोकसभेचा कागद तेवढा हेडक्लार्कांच्या हातात राहिला.

त्यांनी तो चष्मा लावून वाचला. ‘अत्यंत मनमिळाऊ. सदैव हसतमुख. कुणाचाही हेवा न करणारे. पत्नीवर निस्सीम विश्वास ठेवणारे.’ पुन्हा एकदा वाचला. कान लाल झाले, तरी कागद घडी करून त्यांनी वरच्या खिशात ठेवला.

“बोट विकत नाही मी,” ते पुटपुटले. “तू बहिणीकडे जाऊ नकोस.” मग एकदम आठवल्यासारखं करून, “पण तुला ठाऊक होतं! फुलं आली तेव्हाच कळलं असणार तुला! नवरा धडधाकट जिवंत, आणि तू त्या माणसाला आठ दिवस बोलू दिलंस? एका शब्दाने तरी थांबवायचंस!”

बायकोने शेवटचा कांदा चिरला, सुरी पुसली आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट बघितलं.

“अहो, चौतीस वर्षांत तुमच्याबद्दल कुणी चांगलं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते, थांबवायला जीवच होईना.”