तळचा कप्पा

सुताराने पडद्यावरच्या कपाटाचा तळचा कप्पा माउसने ओढला आणि अख्खा दवाखाना गडप झाला. कपाट, भिंती, खुर्ची, सगळंच. एक चौकट आली, तिच्यात बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलेलं होतं, आणि सुताराने घाबरून ती न वाचताच बंद केली.

"अहो, काय लिहिलं होतं?" बायकोने विचारलं.

"मला काय माहीत! चांगलं तर नसणारच."

दातांच्या डॉक्टरीणबाई संध्याकाळी चित्र बघायला येणार होत्या. दवाखान्याचं सगळं लाकूडकाम, दुकान काढल्यापासूनचं सगळ्यात मोठं काम, या चित्रावर ठरणार होतं. नाहीतर चौकातलं मोठं शोरूम टपून बसलेलंच होतं. मापांची सुताराला काळजी नव्हती, त्याची नजर टेपला भारी होती. काळजी होती ती चित्र काढायच्या या फुकटच्या प्रोग्रामची.

प्रोग्राम चार हौशी मंडळींनी मिळून लिहिलेला, त्यामुळे भांडायला दुकानदारही नाही. सुताराने त्यांच्या इंटरनेटवरच्या पानावर लिहिलं, "बंद पडतंय. काहीतरी करा."

लगेच एका स्वयंसेवकाचं उत्तर आलं. "काय करताना? चौकटीत काय होतं? प्रोग्राम काय काय करतो याची नोंद फाइलमध्ये ठेवायची सोय चालू करा, तसंच पुन्हा बंद पाडा आणि ती फाइल चित्रासकट पाठवा."

"पुन्हा बंद पाडू? इथे माझा जीव टांगणीला लागलाय!"

"पाडा मुकाट्याने," बायको म्हणाली.

दुसऱ्या वेळी त्याने नोंदीऐवजी मोबाइलवर चौकटीचा फोटो काढला. फोटोत अंगठा छान आला होता. तिसऱ्या वेळी मात्र नोंद चालू केली, आणि तेवढ्यात डॉक्टरीणबाई ठरल्या वेळेआधीच दारात!

कप्प्याला हात लावावा तर अब्रू जाणार, न लावावा तर नोंद राहून जाणार. घामाघूम झालेला सुतार वरचेच कप्पे पुन्हा पुन्हा उघडून दाखवू लागला.

"आणि तळचा?"

"तो... वरच्यासारखाच आहे."

"मग उघडा की."

त्याने डोळे मिटून उघडला. दवाखाना गडप.

"पडलं! बंद पडलं!" बायको टाळ्या पिटत ओरडली. "अहो, हात लावू नका! आधी फाइल!"

डॉक्टरीणबाई पर्स छातीशी धरून दोघांकडे बघत राहिल्या.

"दोष या प्रोग्रामचा आहे, बाई. आत्ता तुमच्यासमोर सिद्ध करतो," म्हणत सुताराने फाइल पाठवली. थोड्या वेळाने उत्तर आलं, ते त्याने खणखणीत आवाजात वाचायला घेतलं.

"'नोंद फार उपयोगी पडली. चूक आमचीच.' ऐकलंत? 'दोन वस्तू एकाच जागी आल्या तर प्रोग्रामने तसं सांगायला हवं, बंद पडायला नको. दुरुस्त करतो. बाकी...'" आवाज बारीक झाला. "'तुमचा तळचा कप्पा उघडला की थेट पेशंटच्या खुर्चीत घुसतोय. खोलीची मापं तपासाल का?'"

"मापं कशाने घेतली होती?" बाईंनी विचारलं.

सुतार उगाच माउस पुसू लागला.

"नजरेने," बायकोने सांगून टाकलं.

"लाकूड कापलंत?"

"उद्या कापणार होतो."

बाई हसू लागल्या. "माझे पेशंट नुसतं 'दुखतंय' म्हणतात. कुठे, कधी, गार प्यायल्यावर की चावल्यावर, विचारून विचारून मी थकते. तुम्ही तर स्वतःची चूकसुद्धा पुराव्यासकट पाठवलीत. काम तुमचंच."

सुताराच्या जिवात जीव आला.

"मापं मात्र..." बाई जरा घुटमळल्या.

पण बायको केव्हाच खुंटीवरचा टेप घेऊन चपला घालत होती.