क्लॅरिनेटचा मंजूर नमुना

इस्लामपूरजवळच्या आमच्या सहकारी साखर कारखान्याचा नऊ जणांचा बँड होता, आणि कामगार कल्याण अधिकारी या नात्याने तो माझ्या अखत्यारीत येत असे. संगीतातले मला काही कळत नसे. पण गणवेश, हजेरी आणि शिस्त यांच्या आड संगीत फारसे येत नसल्यामुळे काम सुरळीत चालले होते. निदान १९७४ सालच्या गळीत हंगामापर्यंत.

बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायला आकाराम लोखंडे होता. कवठे महांकाळकडचा, लष्करी बँडातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. पुण्याच्या छावणीत असताना एक गोवेकर ट्रंपेटवाला त्याला दर शनिवारी ऑफिसरांच्या क्लबात जॅझ वाजवायला नेत असे. जॅझ म्हणजे काय, असे मी त्याला एकदा विचारले. तो म्हणाला, आधी सगळ्यांनी मिळून चाल वाजवायची, मग एकेकाने तिच्यातून बाहेर पडून त्या घडीला सुचेल ते वाजवायचे आणि परत यायचे. काय सुचेल हे आधी कुणालाच माहीत नसते. ही पद्धत मला प्रशासकीयदृष्ट्या धोक्याची वाटली.

शिवाय तो बौद्ध होता. छप्पन साली वडिलांनी धम्म घेतला तेव्हा तो सरहद्दीवर होता. रजेवर आल्यावर त्यानेही घेतला. विहारातल्या भन्तेंनी सांगितले, जे उपजते ते जाते, धरून बसू नये. गोवेकर हेच सांगत होता, फक्त सिगारेट ओढत, असे आकारामला वाटले. आणि तेव्हापासून तो कशालाच धरून बसेना. कॉलनीतली पुढची खोली काढून घेऊन आम्ही त्याला बॉयलरमागची दिली, तर तो ट्रंक उचलून शीळ घालत गेला. त्याची बायको बनुबाई मात्र माझ्याकडे गाऱ्हाणे घेऊन आली. यांना कशाचे काही वाटतच नाही, शेळी मेली तेव्हाही "गेली, बरी व्हती" एवढेच म्हणाले आणि संध्याकाळी शेळीवर काहीतरी वाजवत बसले, असे तिने सांगितले. कसे होते, असे मी विचारले.

"लय ग्वाड व्हतं," ती म्हणाली. "पर शेळी न्हाई आली."

त्या वर्षी हंगामाच्या शुभारंभाला मंत्री आले. ते गव्हाणीत उसाची मोळी टाकत असताना बँडने स्वागताची चाल धरली, आणि आकाराम तिच्यातून बाहेर पडला. दीड मिनिट तो परत आला नाही. मंत्री मोळी हातात धरून तसेच उभे राहिले, मान डोलवू लागले आणि हा कोण म्हणून त्यांनी चौकशी केली. आमचे चेअरमन आप्पासो खूश झाले. पुढच्या महिन्यात उपमंत्री यायचे होते, त्यांनाही अगदी हेच ऐकवायचे, असा त्यांनी मला आदेश दिला.

उपमंत्री आले. आकाराम बाहेर पडला तो दुसरीकडेच गेला. तेही चांगलेच होते, असे जाणकार सांगतात. पण आप्पासोंनी मला केबिनमध्ये बोलावले.

"मंत्र्याला येक आन् उपमंत्र्याला दुसरंच?" ते म्हणाले. "मानूस म्हनंल, आपल्याला हलकं वाजवलं."

उपमंत्री काहीच म्हणाले नव्हते. त्यावरून ते दुखावले आहेत हे उघडच होते.

आकारामला 'वेगळे वाजवल्याबद्दल' कारणे दाखवा नोटीस निघाली. चौकशी समितीवर मुख्य रसायनतज्ज्ञ होते, आणि सचिव म्हणून मी. रसायनतज्ज्ञांचे म्हणणे असे की पहिल्या पोत्यातला दाणा आणि शेवटच्या पोत्यातला दाणा एकसारखा नसेल तर त्याला माल म्हणत नाहीत. दोन्ही वादने ताडून पाहण्यासाठी आकारामने ती समितीपुढे पुन्हा करावीत, असे ठरले. त्याने क्लॅरिनेट तोंडाला लावले, डोळे मिटले आणि तिसरेच काहीतरी वाजवले. समितीसमक्ष त्याने तोच गुन्हा पुन्हा केला, अशी मी नोंद घेतली.

"साहेब, ते पयलं गेलं," तो म्हणाला. "आन् ज्यानं वाजवलं त्यो आकाराम त्या दिशीचा. आज ह्यो हाय."

हजेरीपटावर दोन आकाराम आहेत काय, अशी रसायनतज्ज्ञांनी माझ्याकडे लेखी विचारणा केली.

शेवटी तोडगा निघाला. उत्स्फूर्त वादन करायचे असल्यास आठ दिवस आधी तीन प्रतींत अर्ज करावा आणि काय सुचणार आहे ते नमूद करावे. आकारामने प्रामाणिकपणे अर्ज केला. त्यात लिहिले होते, "आठ दिवसांनी काय सुचेल ते आठ दिवसांनी सुचेल. कळावे." नमुना बरोबर होता, मजकूर बरोबर नव्हता. तेव्हा आप्पासोंची भाषणे टेप करण्याचे यंत्र मागवण्यात आले. सभागृहात आकारामकडून एकदा वाजवून घेतले आणि ते 'मंजूर नमुना' म्हणून घोषित केले. यापुढे समारंभात कर्ण्यावर टेप लागेल, आकारामने गणवेशात उभे राहून बोटे हलवावीत, फुंकू नये. खबरदारी म्हणून त्याच्या क्लॅरिनेटच्या तोंडाची पत्ती, जिच्यावाचून आवाज निघत नाही, मी काढून माझ्या कपाटात ठेवली.

दोन समारंभ असे झाले. टेपमध्ये कुठे काय येणार हे त्याला ठाऊक असे, तरी त्याची बोटे चुकत. दुसऱ्या समारंभानंतर तो माझ्या टेबलापुढे आला. त्याने पत्ती मागितली. मी अर्ज करायला सांगितले. त्याने केला, आणि इतर कागदांबरोबर तोही माझ्या सहीने मार्गी लागला. त्या दिवशी सह्यांचा गठ्ठा मोठा होता.

सव्वीस जानेवारीचे क्लॅरिनेट मात्र अप्रतिम झाले. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, त्यांत मीही होतो. दुसऱ्या दिवशी कामासाठी सांगलीला गेलो असता एस.टी. स्टँडवर आकाराम भेटला. कर्मचाऱ्याचे कौतुक वेळेवर करावे, या मताचा मी आहे. मी म्हणालो, "आकाराम, काल तुम्ही कमाल केलीत."

"मी न्हवतोच तिथं, साहेब," तो म्हणाला.

मला भरून आले. 'मी' म्हणून काही नसतेच, ही बुद्धाची एवढी अवघड शिकवण या माणसाने चार शब्दांत सांगितली होती. मी त्याचा हात हातात घेतला आणि हे निरहंकारीपण आम्हा सुशिक्षितांना का साधत नाही, असे विचारले. तो काहीतरी सांगणार होता, तेवढ्यात कवठे महांकाळची गाडी लागली. खिडकीत बसल्यावरही तो हसत होता.

पंधरा दिवसांनी हजेरीपट तपासताना उलगडा झाला. आकारामच्या गणवेशात वॉचमन धुळा उभा होता; बँडमास्तर नाथाजीने त्याला स्टोअरमधल्या काळ्या पाइपचा तुकडा दिला होता. आकाराम आठवडाभर आधीच गावी गेला होता आणि तिथल्या विहारापुढे रोज संध्याकाळी सुचेल ते वाजवत होता. पत्ती त्याने नवी मिळवली होती. त्याचा तो अर्ज मी फाइलमधून काढून वाचला. "माझी पत्ती तरी परत द्यावी, नाहीतर मला तरी." खाली माझ्या अक्षरात 'मंजूर'.

ते वाक्य मात्र मी सोडलेले नाही. निरोप समारंभात, व्याख्यानमालेत, आकारामची गोष्ट सांगत सांगत मी तिथे येतो आणि हलकेच म्हणतो, "मी नव्हतोच तिथे." पहिल्या रांगेतले लोक डोळे मिटून माना डोलावतात. मग तो होता कुठे, असे आजवर एकानेही विचारलेले नाही. मी सांगेपर्यंत तुम्हीसुद्धा नाही.