नको म्हटलेलं तिकीट

हिद्दमधल्या आमच्या कंपनीचं स्पेअर पार्ट्सचं गोदाम मी बावीस वर्षं सांभाळतोय. कंपनीकडून हक्काची वस्तू कशी काढून घ्यायची, हे अख्ख्या बहारीनमध्ये माझ्याइतकं कुणालाच कळत नाही! असं मी बायकोला, हेमाला, दर शुक्रवारी सांगतो. ती दर शुक्रवारी कपडे वाळत घालत असते.

तर मे महिन्यात आमच्या कश्मिराला बारावीत त्र्याण्णव टक्के मिळाले. मी मनामाहून दोन किलो पेढे आणले आणि पहिला पेढा कुणाला दिला? एचआरच्या महमुदाबाईंना! माणसानं इतकं भोळं असू नये.

"अरे वा, शिरीषभाऊ! शाळा संपली म्हणायची पोरीची!"

"संपली! एकदम खलास!" मी छाती फुगवून म्हणालो. त्यांनी तिथल्या तिथे फाईलमध्ये नोंद केली.

दुसऱ्या दिवशी ईमेल. 'आपल्या कन्येचं शालेय शिक्षण पूर्ण झाल्याचं समजतं. सबब पुढील शिक्षणाचा दाखला मिळेपर्यंत तिचं वार्षिक विमानतिकीट थांबवण्यात येत आहे.'

समजतं! अहो, माझा पेढा अजून दाढेत असेल तुमच्या!

कंपनी दरवर्षी घरच्यांना भारतात जायचं तिकीट देते आणि त्याच तिकिटावर कश्मिरा जुलैत पुण्याला ॲडमिशन घ्यायला जाणार होती. शेजारच्या टेबलावरच्या रत्नागिरीच्या फारुखनं कपाळाला हात लावला.

"एचआरला पेढे वाटलेस? अरे, माझा फहाद पास होऊन दोन वर्षं झाली, मी बडीशेपसुद्धा वाटली नाही! कंपनीच्या लेखी तो अजून दप्तर घेऊन जातो."

"अरे, त्याला दाढी आलीय!"

"फॉर्ममध्ये दाढीचा रकाना नाही."

मी पुण्याच्या कॉलेजला फोन लावला. ते म्हणाले, आधी मुलगी समक्ष हजर करा, मग दाखला. एचआर म्हणतं, आधी दाखला, मग तिकीट. म्हणजे दाखला पुण्यात, मुलगी बहारीनमध्ये आणि मध्ये अरबी समुद्र! शाळा संपली म्हणजे पोरगी काय हवेत विरली? काल होती ती मुलगी, ऑगस्टपासून विद्यार्थिनी. मधले तीन महिने ती कोण? पार्सल?

मी कश्मिराला घेऊन तडक शाळा गाठली. 'ती अजून इथेच शिकते' एवढी एक ओळ द्या, म्हटलं.

"पण ती पास झालीय, सर," ऑफिसातल्या बाई म्हणाल्या.

"जरा कमी पास करता येईल का?"

"बाबा!" कश्मिरा किंचाळली. "आर यू आस्किंग देम टु फेल मी?"

"एकाच विषयात गं! पी.टी. वगैरे!"

घरी येताच तिनं आईकडे माझी तक्रार केली. हेमा म्हणाली, "जाऊ दे ना, आपण काढू तिकीट."

"प्रश्न तिकिटाचा नाही, तत्त्वाचा आहे!" मी गरजलो आणि एचआर मॅनेजरला तीन पानी पत्र लिहिलं. बावीस वर्षांची सेवा, पन्नास डिग्रीतलं गोदाम, सगळं काढलं. शेवटी लिहिलं, 'असा अपमान होणार असेल, तर मला तुमचं तिकीट नको!' आणि खाली झोकदार सही. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ते ऑफिसातून धाडलं.

आता हे 'नको' आपल्यातल्या कुणालाही कळेल. पंगतीत पानावर हात आडवा धरून म्हणतात, ते हे 'नको'. वाढणाऱ्यानं दोनदा आग्रह करायचा, मग आपण हळूच हात काढून म्हणायचं, "बरं, अर्धीच हं!" पहिला आग्रह दहापर्यंत येईल, दुसरा जेवणाच्या सुट्टीत, असा माझा हिशोब होता.

उत्तर अकरा मिनिटांत आलं. याच कंपनीनं मला मोडक्या खुर्चीच्या बदल्यात खुर्ची द्यायला चार महिने लावले होते! 'विनंती मान्य. आपल्या उदारपणाबद्दल आभार.'

मॅनेजर आयरिश. बिचाऱ्याला पंगत कोण दाखवणार?

पाठोपाठ महमुदाबाई धावत आल्या. "काय केलंत हे, भाऊ! शाळा संपली तरी मुलाला अठरा पूर्ण होईपर्यंत तिकीट चालूच राहतं! दाखला लागतच नाही! मी शाळा संपल्याची नोंद केली आणि तो ईमेल कॉम्प्युटरनं आपोआप धाडला. आज सकाळीच मी दुरुस्ती करून मंजुरीला ठेवलं होतं."

"कश्मिराला अठरा व्हायला चार महिने आहेत! द्या की मग!"

"आता मफी, नाही म्हणजे नाही. तुमची सही आहे ना खाली."

फारुख नुसता बडीशेप चघळत राहिला.

तिकीट शेवटी मीच काढलं. त्या संध्याकाळी घरी येऊन सगळी हकीकत सांगितली, कंपनीला यथेच्छ शिव्या घातल्या आणि ताट समोर येताच संतापानं म्हणालो, "मला जेवायला नको!"

हेमानं ताट उचललं.