खांबेटेकाकांचा रेडॉन

खांबेटेकाका कुणाच्याही घरी गेले की आधी खिडकी उघडतात. विचारत नाहीत, उघडतात. ऑगस्ट महिना असो, बाहेर चिकट उकाडा असो, घरातला एसी धापा टाकत असो. काका बूट काढतात, "कसं काय?" म्हणतात आणि सरळ खिडकीकडे चालू लागतात. मग हॉलमधली माणसं घामाघूम होऊन त्यांच्याकडे बघत बसतात आणि काका सोफ्यावर टेकत समाधानाने म्हणतात, "हं. आता हवा हलली. बोला."

बहरीनची राजधानी मनामामध्ये, बाब अल बहरीन या वेशीच्या मागच्या गल्लीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये काका आमच्या खालच्याच मजल्यावर राहतात. वय साठीच्या आसपास, अंगकाठी शिडशिडीत, शर्टाच्या खिशात कायम एक पांढरा चपटा डबा. एका कारखान्यात ते सेफ्टी ऑफिसर आहेत. दिवसभर लोकांच्या डोक्यावर हेल्मेट आहे की नाही ते बघायचं आणि संध्याकाळी घरी येऊन रेडॉनच्या मागे लागायचं, हा त्यांचा दिनक्रम.

रेडॉन म्हणजे काय, हे आमच्या बिल्डिंगमध्ये आता लहान मुलांनाही पाठ आहे. जमिनीतून निघणारा एक किरणोत्सारी वायू. फरशीच्या भेगांतून घरात शिरतो. मोकळ्या हवेत विरून जातो, कोंडलेल्या जागेत साठतो, आणि तीच हवा वर्षानुवर्षं आत घेत राहिलं तर फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. "वास नाही, रंग नाही, पण आहे!" असं म्हणून काका खिशातला डबा टेबलावर ठेवतात. डबा म्हणजे रेडॉन मोजायचं यंत्र. आमची मुलगी ओवी लहान असताना एकदा हळूच म्हणाली होती, "काका, इज इट लाइक अ घोस्ट?" काका गंभीरपणे म्हणाले, "नाही बाळा. भुतासाठी कुठल्याच देशात कायदा नाही."

कायदा हा काकांचा दुसरा जिव्हाळ्याचा विषय. लोक मालिका बघतात तसे काका परदेशांतले रेडॉनचे कायदे वाचतात, आणि मालिकेतल्या सुनेची काळजी करावी तशी त्यांतल्या कलमांची काळजी करतात. मंडळाच्या गणपतीत कुणी सांगितलं, "मुलाला स्वीडनला नोकरी लागली," की बाकीचे पगार विचारतात. काका हात हातात घेऊन म्हणतात, "उत्तम झालं! तिथे राहत्या घरालासुद्धा मर्यादा आहे." कुणी पुण्यात फ्लॅट घेतला, तर बायका विचारतात स्वयंपाकघर केवढं, पुरुष विचारतात भाव काय. काका विचारतात, "जोत्याखाली काय आहे?" या प्रश्नाचं उत्तर आजवर एकालाही देता आलेलं नाही.

आमच्याकडे पहिल्यांदा ते डबा घेऊन आले तेव्हा माझा नवरा विनय वैतागला होता. "अहो काका, आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. जमीन कुठे आणि आम्ही कुठे?"

"म्हणूनच तुमच्याकडे काही सापडणार नाही," काका म्हणाले. "पण मोजल्याशिवाय नाही म्हणायचं नाही."

खरंच काही सापडलं नाही. बिल्डिंगमधल्या एकाही घरात नाही. पुढे काकांची चेष्टाही सुरू झाली. लिफ्ट बंद पडली की कुणीतरी म्हणायचं, "रेडॉन बसला असेल आत." काकाही हसायचे.

मग एक दिवस त्यांनी तो डबा तळघरात ठेवला.

आमच्या बिल्डिंगच्या तळघरात शिवणकामाचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, चार शिलाई मशिनं आणि गणपत मयेकर. मयेकर मालवणकडचे. दुकानदारांचे कपडे शिवून देतात, बिल्डिंगमधल्या बायकांचे ब्लाउजही. सकाळी खाली उतरायचे ते दिवेलागणीला वर यायचे. दुपारचं जेवण खाली, डुलकीही कापडाच्या गठ्ठ्यावर. खिडकी नाही. एसी होता, पण तो आतलीच हवा आत फिरवायचा.

डबा बघून मयेकर बिचकले. "काकानू, ह्यो कॅमेरो तर नाय ना? मालकान लावूक सांगल्यान काय?"

"कॅमेरा नाही हो. तुम्ही श्वास घेता त्याच्यावर लक्ष ठेवायला आहे."

"म्हंजे कॅमेरोच," मयेकर म्हणाले आणि पुढचे काही दिवस डब्याकडे पाठ करून शिवत बसले.

दोन-तीन आठवड्यांनी काका आमच्याकडे आले. खिडकी उघडली नाही, बूटही काढले नाहीत. दारातूनच म्हणाले, "अनघा, सापडला." आकडा एवढा वर होता, की काकांच्या त्या लाडक्या देशांत मालकाला उपाय करावाच लागला असता. फिनलंडमध्ये तर जमिनीखाली माणूस कामाला बसवायचा तर आधी मोजणी करावी लागते, हे त्यांनी मला तीनदा सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी काका मला घेऊन बिल्डिंगच्या मालकांकडे गेले. "तू बँकेतली आहेस, तुझ्यासमोर तो नीट बोलेल," म्हणाले. मालक अबू यूसुफ हे सत्तरीचे बहरीनी गृहस्थ, पांढराशुभ्र पायघोळ थोब घालून दुकानापुढे खुर्ची टाकून बसलेले असतात आणि जुन्या बाजारात मुरलेली झकास हिंदी बोलतात.

"बाबा, आपके बिल्डिंग में रेडॉन है," काकांनी सुरुवात केली.

"रादॉन?" अबू यूसुफ ताठ बसले. "कौन से फ्लॅट में?"

"फ्लॅट में नहीं, नीचे. बेसमेंट में."

"मेरे को पूछे बिना रहने आया? सीपीआर कार्ड है उसके पास?"

सीपीआर म्हणजे इथलं ओळखपत्र. हसू दाबायला मी ओढणी तोंडाला लावली. काकांनी वायू म्हणजे काय ते सांगितलं. मग स्वीडन सांगितला, आयर्लंड सांगितलं, फिनलंड तर सविस्तर सांगितलं. अबू यूसुफनी शांतपणे ऐकून घेतलं, आम्हाला चहा पाजला आणि म्हणाले, "सदीक, दोस्त, ये फिनलंड नहीं. हम लोग यहां पैदा हुआ, बाप भी यहां. मफी रादॉन. इधर नहीं है."

काका उठले. मला वाटलं, आता संतापतात. पण ते एवढंच म्हणाले, "एक बार नीचे चलो. बस, चाय पियो उधर."

काय वाटलं कोण जाणे, म्हातारा उठला. गुडघे धरत धरत जिना उतरला आणि मयेकरांच्या समोरच्या स्टुलावर बसला. मयेकर घाबरून उभे राहिले. अबू यूसुफनी हातानेच खूण केली, काम चालू दे. मशीन सुरू झालं. कापडाचा बारीक भुगा दिव्याच्या उजेडात तरंगत होता. म्हातारा थोडा खोकला. मग त्याने विचारलं, "कितना साल बैठा इधर?"

मयेकर हिशोब करू लागले. "पोरगी बालवाडी में थी बाबा, तब आया. अब उसका शादी हो गया."

अबू यूसुफनी खिडकी शोधावी तशी मान फिरवली. तळघराच्या भिंती बघत राहिले. मग उठून काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "यल्ला, चलो. पंखा लगाओ. जो लगता है लगाओ. खलास."

जिना चढताना काकांचा चेहरा जरा उतरलेला होता. "झालं ना काम!" मी म्हणाले.

"झालं गं," ते म्हणाले, "पण एकही कलम लागलं नाही."

पुढचे काही शुक्रवार काका तळघरात गुडघ्यांवर बसलेले दिसत. फरशीच्या भेगा त्यांनी स्वतः बुजवल्या, कामगाराला हात लावू दिला नाही. बाहेरची हवा आत घेणारा एक आणि आतली बाहेर टाकणारा एक, असे दोन पंखे बसले. आकडा उतरत गेला. मयेकरांनी काकांसाठी एक शर्ट शिवला आणि वहिनी, तुम्हीच द्या म्हणून लाजत माझ्याकडे आणून ठेवला. खिसा डब्याच्या मापाचा होता, म्हणजे जवळजवळ पोटापर्यंत.

शर्ट द्यायला मी काकांच्या घरी गेले. एवढी वर्षं शेजारी, पण आत जायची वेळ कधी आली नव्हती. काकाच सगळ्यांकडे जायचे. आम्ही इथे राहायला यायच्या आधीच काकू गेल्या होत्या, एवढं माहीत होतं. कशाने, ते कधी कुणी विचारलं नव्हतं. काका शर्ट घालून बघायला आतल्या खोलीत गेले आणि मला हाक मारली, "अनघा, खिसा बघ जरा!"

मी गेले. दुहेरी पलंगाच्या एकाच बाजूला चादर चुरगळलेली होती. दुसऱ्या बाजूच्या उशाशी छोट्या स्टुलावर बायकी चष्मा होता आणि त्याच्या शेजारी तसाच एक पांढरा डबा. दिवा लागलेला, मोजणी चालू.

"इथेही मोजता?" मी विचारलं.

काका खिशावरून हात फिरवत राहिले. "सुलभाला फुप्फुसाचा झाला होता. आयुष्यात कधी विडी-सिगारेट नाही, स्वयंपाक गॅसवर. सलमानिया हॉस्पिटलात डॉक्टरांना रोज विचारायचो, कशामुळे? चांगला माणूस होता बिचारा. म्हणाला, कधीकधी कारण सापडत नाही. मला ते पटेना. कारण नाही म्हणजे काय? मग या रेडॉनबद्दल वाचलं. यंत्र मागवलं. सगळं घर मोजलं. हॉल, स्वयंपाकघर, तिची झोपायची जागा. उन्हाळ्यात, थंडीत, खिडक्या बंद करून."

"आणि?"

"काही नाही. कुठल्याही देशाचा कायदा आण, सगळं मर्यादेच्या आत."

खालून पंख्यांची घरघर वरपर्यंत ऐकू येत होती. काका पलंगाच्या कडेवर बसले.

"तळघरातला आकडा बघितला ना, त्या दिवशी खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. मयेकर तिथे बसतोय आणि मला आनंद होतोय, म्हणून लाजही वाटली. पण म्हटलं, चला. कुणाचं तरी कारण आधी सापडलं."