शेषरावांचा पालथा हात

शेषराव फोटोवाले कुणाशीही बोलता बोलता मध्येच थांबत, उजवा हात पालथा करून डोळ्यांसमोर धरत आणि त्याच्याकडे टक लावून बघत. चहाच्या टपरीवर बघत, एसटीत बघत, मयतीला गेले तरी बघत. नवख्या माणसाला वाटे, यांना काहीतरी चावलंय. दवाखान्यातल्या कंपाउंडरने तर एकदा काही न विचारता त्यांच्या हाताला खरजेचं मलम चोपडलं होतं. शेषरावांनी ते मुकाट्याने लावून घेतलं आणि मग म्हणाले, "आता पुसा. चकाकी आली. अर्ध्या घराचा फरक पडायलाय."

ते हात बघत नसत, हातावर पडलेला उजेड बघत. त्या काळचा कॅमेरा आपण होऊन काही करत नसे. भोक किती उघडायचं आणि किती वेळ उघडायचं, हे दोन्ही त्याला माणसाने सांगायचं. भोकाच्या कड्यावर आकडे कोरलेले असत, बावीस, सोळा, अकरा, आठ, साडेपाच. आकडा लहान तितकं भोक मोठं. एका आकड्यावरून दुसऱ्यावर जाणं याला शेषराव 'एक घर' म्हणत. सकाळी कुणी त्यांना जय भीम घातला की ते जय भीम म्हणून पुढे सांगत, "आज ऊन कडक हाय. सव्वाशेवर सोळा." ऐकणाऱ्याला त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण माणसं मान हलवत.

युसूफ वडगावच्या बाजारात त्यांची पत्र्याची खोली होती. आत रंगवलेला पडदा, त्यावर निळंभोर तळं आणि तळ्यात दोन बदकं. मी सांगतोय ते बाहत्तरच्या दुष्काळाचं. त्या साली आमच्या भागात भरलेलं तळं बघायला तेवढी एकच जागा उरली होती. त्यांच्या गळ्यात चामड्याच्या पाकिटात उजेड मोजायचं मीटर असे. त्याची सुई कधीच मेली होती, तरी ते प्रत्येक फोटोआधी पाकीट उघडून बघत. मी विचारलं तर म्हणाले, "सुई गिऱ्हाइकाला लागती. मला कावून लागंल?"

माणूस भयंकर हट्टी. एका लग्नात सूर्यावर ढग आला म्हणून त्यांनी भर मांडवात हात वर करून, "ढग हटल्याबिगर अक्षता टाकू नका," असा हुकूम सोडला. नवरीचा मामा धावून गेला तेव्हा हे त्याच्या अंगावरच्या पांढऱ्या सदऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्याला मोजलं तर तुमचं तोंड तव्यावानी येईल. कपडे शिंप्याचे असत्यात, तोंड माणसाचं असतंय. तोंडाला मोजायचं." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलं असेल. फोटो हातात देताना मात्र एकच प्रश्न विचारत, "तोंड दिसलं का?" गिऱ्हाईक हो म्हणालं की, "मग झालं."

मला हे सगळं चेष्टेचं वाटे. माझ्या आईचं तोंड त्यात अडकलं, तोवर.

त्या दुष्काळात आई सरकारी कामावर खडी फोडत होती. आमच्या वस्तीतली आणि गावातली अशी एकतीस माणसं, बहुतेक बायाच. ते काम महिनाअखेर बंद होऊन मांजरसुंब्याच्या पलीकडे जाणार होतं. तिथे जायचं तर लेकराबाळांसह माळावर राहायचं, आणि आईला गुडघ्यामुळे गावची वेस गाठणं जड जात होतं. सुटकेची वाट एकच होती. एकतीस जणांची मजूर सोसायटी रजिस्टर झाली, तर गावच्याच शिवारातल्या पाझर तलावाचं काम त्या सोसायटीला मिळणार होतं. मी नुकताच मॅट्रिक झालेलो, म्हणून मला सेक्रेटरी केलं. पुढारीपण आबासाहेबांकडे होतं. ते गावचे मोठे जमीनदार. सभासद नव्हते, पण गावात त्यांच्याशिवाय काही उभं राहत नसे.

बीडच्या कचेरीतल्या साहेबांना बोगस नावांचा वास आलेला. ते म्हणाले, सगळ्यांचा एकत्र फोटो आणा, तोंडं ओळखू आली पाहिजेत. आबासाहेबांनी शहरातून मोठा फोटोग्राफर आणवला. फोटो आला त्यात आबासाहेबांचा इस्त्रीचा सदरा असा काही झळकत होता की बटणं मोजून घ्यावीत. त्यांच्या मागे पांढऱ्या टोप्या होत्या, पदर होते, आणि टोप्या-पदरांच्या खाली नुसता काळोख. साहेबांनी तो फायलीतून काढून माझ्यापुढे टाकला. "टोप्या रजिस्टर करायच्या आहेत का? परवा दुपारी बारापर्यंत माणसं दाखवा. नाहीतर फाईल बंद."

मी बीडहून तसाच शेषरावांकडे गेलो आणि दुसऱ्या दिवशी त्यांना कामावर घेऊन आलो. फिल्मचा रोळ दीड महिन्यापासून मिळत नव्हता. कॅमेऱ्यात दोन फोटो शिल्लक होते.

माणसं मोकळी मिळणार ती फक्त जेवणाच्या सुट्टीत, म्हणजे बारा ते साडेबारा. शेषरावांनी आभाळाकडे बघून कपाळाला हात लावला. ऊन डोक्यावर, डोळ्यांच्या खोबणीत नुसती सावली. "ही काय फोटोची येळ हाय का, शेक्रेटरी? चार वाजता काढू." मुकादम म्हणाला, चारला एक जरी माणूस हलला तरी सगळ्यांची हजेरी कापीन. शिट्टी त्याच्या हातातच होती.

त्या माळावर पानं टिकवून असलेलं एकच लिंबाचं झाड होतं. शेषरावांनी एकतीस जणांना त्याच्या सावलीत तीन ओळींत बसवलं. यातच दहा मिनिटं गेली. मग आबासाहेब आले, खळ लावलेल्या कडक कपड्यांत, आणि त्यांनी खुर्ची सगळ्यांच्या पुढे, भर उन्हात मांडायला लावली.

"साहेब, जरा सावलीत सरकता का?" शेषराव म्हणाले.

"अंधारात कशाला बसू बे? त्या शहरवाल्यानं मला सांगितलंय, सोळावर काढतेत म्हून. सोळावर ठेव. फ्रेम करून आणलीय मी."

शेषरावांनी कड्याला हात लावला. मी वाकून बघितलं, काटा सोळावर होता. सोळावर काढलेला फोटो मी कालच साहेबांच्या टेबलावर बघून आलो होतो. बोलायला तोंड उघडलं, पण आबासाहेबांसमोर आवाज फुटला नाही. आजही ते आठवलं की माझा मलाच राग येतो.

तेवढ्यात वावटळ उठली. आणि नेमकं त्याच घटकेला शेषरावांच्या अंगठ्याखाली बटण दाबलं गेलं. धूळ बसली तेव्हा निम्म्या बायांनी पदरात तोंडं लपवलेली होती.

"गेला," शेषराव म्हणाले. "आता एकच हाय."

मुकादमाने शिट्टी ओठांना लावली. "पाच मिनटं ऱ्हायली."

या पाच मिनिटांत माणसाने काय करावं? शेषराव कॅमेरा तिकाटण्यावर तसाच सोडून चालत झाडाखाली गेले. दुसऱ्या ओळीत माझी आई बसली होती. तिच्या गालाशेजारी त्यांनी आपला उजवा हात पालथा धरला आणि बघत राहिले. एक मिनिट गेलं. आई संकोचून म्हणाली, "दादा, काय बघायलाव?"

"उजेड, बाई. हलू नका. पदर उलसा मागं घ्या."

सगळ्या बायांनी पदर मागे घेतले. मी मनातल्या मनात देवाला, बाबासाहेबांना आणि मुकादमाला एकदमच हात जोडले. शेषराव परत आले आणि कडं फिरवू लागले. अकरा. आठ. साडेपाच. तीन घरं.

आबासाहेबांनी खुर्चीतून मान लांब केली. "सोळाच हाय ना बे?"

"साहेब, तुमचं सोळा. ह्यांचं साडेपाच."

"मग?"

"मग काय. भोक एकच हाय," असं म्हणून शेषरावांनी दाबलं. पाठोपाठ शिट्टी झाली.

फोटो निघाला, पण धुवायचा कशाने? त्या दिवशी टँकर आला नव्हता. फिल्म औषधातून काढून चांगली दोन घागरी पाण्यात खळखळून धुवावी लागते, नाहीतर डाग पडतात. शेषरावांच्या रांजणात तळाशी तांब्याभर पाणी होतं. संध्याकाळी काम सुटल्यावर त्या एकतीस जणी-जणांनी आपापल्या घरून एकेक तांब्या आणला आणि त्यांच्या घागरीत ओतला. प्यायचं पाणी होतं ते. आईने आणलेला तांब्या काठोकाठ नव्हता, म्हणून ती ओतताना खाली बघत होती. शेषराव दारात उभे राहून प्रत्येकाला म्हणत होते, "बास, बास, लई झालं," आणि पाणी मात्र सगळ्यांचं घेत होते.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने मी बीडला गेलो. फोटो पुठ्ठ्यात घालून मांडीवर धरला होता. बारा वाजायला वीस मिनिटं कमी असताना साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी चष्मा लावला, यादी समोर घेतली आणि पेन्सिलीचं टोक एकेका तोंडावर टेकवत मोजायला लागले. सतरा नंबरला आई होती. तिथे पेन्सिल थांबली. साहेब म्हणाले, "ह्या बाईच्या हनुवटीवर गोंदण आहे का?"

"आहे, साहेब. तीन टिंबं."

"दिसतंय," म्हणाले आणि पुढे सरकले. एकतीसपर्यंत गेले. मग पुढच्या खुर्चीवर पेन्सिल ठेवून विचारलं, "हे काय आहे?"

तिथे एक पांढराशुभ्र ढग बसलेला होता आणि ढगाला मिशा होत्या. मी म्हणालो, "आबासाहेब." साहेबांनी पुन्हा एकदा वाकून बघितलं. "असू द्या. ते सभासद नाहीत ना?" आणि सही केली.

आबासाहेबांनी ती फ्रेम पुढे कशाला वापरली कोण जाणे. शेषरावांना मात्र त्यांनी आपल्या घरच्या एकाही लग्नाला बोलावलं नाही.

त्याच संध्याकाळी मी गुळाचा खडा घेऊन शेषरावांच्या खोलीत गेलो. ते पडद्यामागे औषधाच्या ताटल्या पुसत होते. बदकांच्या मागची ती बाजू मी कधी बघितली नव्हती. एक खाट, एक स्टोव्ह, एक ताट. एकट्या माणसाचं घर. भिंतीवर एकच फोटो लावलेला. पांढरं लुगडं नेसलेली बाई, आमच्याकडे लग्नात नवरी नेसते तसं. लुगड्याची एकेक चुणी दिसत होती, काठ दिसत होता. तोंडाच्या जागी नुसतं काळं.

शेषरावांनी मी बघतोय हे बघितलं.

"माझी मंडळी हाय ती. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी काढलाय. नवाच शिकलतो तवा. लुगड्याला मोजलं मी. लई पांढरं हुतं, वाटलं, हेच नीट आलं पायजे." ताटली पुसून झाली होती, तरी ते पुसतच राहिले. "म्हन्लं, पुन्हा काढू. घरचंच माणूस, जातंय कुठं. पुन्हा कायतरी गिऱ्हाइकाचं निघायचं. वर्साच्या आत बाळंतपणात गेली."

मी गुळाचा खडा ताटल्यांशेजारी ठेवला.

"आता तोंड नीट आठवत न्हाई, शेक्रेटरी. लई याद करतो. पर रंग ध्यानात हाय. माझ्या हाताचा अन तिच्या तोंडाचा रंग एकच हुता. म्हून हात बघून घेतो." मग एकदम माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "आईचं तोंड दिसलं का?"

आईचा तेवढा एकच फोटो आज आमच्या घरात आहे. हनुवटीवरची तीन टिंबंसुद्धा दिसतात. पण तिचा हा एवढाच फोटो उरणार, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं, मी नुसतं "दिसलं" म्हणालो.

"मग झालं."

बाहेर कुणीतरी फोटोवाले, फोटोवाले म्हणून हाक मारत होतं. शेषरावांनी गुळाचा खडा तोंडात टाकला, पडदा सारून बाहेर गेले, आलेल्या म्हातारीला बदकांसमोर स्टुलावर बसवलं, रोळ आला की लगेच काढू म्हणाले, आणि तिच्या गालाशेजारी हात पालथा धरून बघत राहिले.